चिकू, आजी आणि तापीचं पाणी

होस्टेलमध्ये दर सेमिस्टरला एकदा तरी जिल्ह्यांची लढाई होतेच. मेसची भाजी फारच पातळ झाली की कोल्हापूरवाल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आठवणी काढतात, नाशिकवाल्या द्राक्षं काढतात आणि माझी रत्नागिरीची रूममेट शेवटी हुकमाचं पान टाकते, "आमच्याकडे समुद्र आहे!" मग सगळ्या नंदुरबारकडे, म्हणजे माझ्याकडे बघतात. आमचा जिल्हा तसा माझ्याहून थोडाच मोठा, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला. सहा तालुके, डोक्यावर सातपुडा, तोरणमाळची थंडी, नंदुरबारची मिरची, सारंगखेड्याचा घोडेबाजार. हे सगळं मी तावातावाने सांगते. पण समुद्र नाही, हे मान्य करावंच लागतं.

म्हणून या अंकात मी समुद्राबद्दलच लिहिणार आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटला असल्यामुळे "ळ" आणि "ल" बाबत माझी अजून थोडी गडबड होते. ती संपादकांनी सुधारून घ्यावी. बाकीचं सगळं माझं आहे.

परदेशात लोक घर बसवलेल्या गाड्या घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने महिनोन्‌महिने फिरतात. गाडीतच पलंग, शेगडी, नळ, आणि पुढच्या सीटवर मान बाहेर काढून बसलेलं एक छोटं कुत्रं. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. पण तयार कॅराव्हॅन विकत घेणं सोडाच, चार-पाच दिवस भाड्याने घेणंही आमच्यासारख्यांना परवडणारं नाही. मग आमच्या घरात हे खूळ शिरलं कसं? त्याचं कारण चिकू.

चिकू म्हणजे आमचा कुत्रा. वजन जेमतेम सहा किलो, रंग नावाप्रमाणे. आई पॉमेरियन आणि वडील 'अज्ञात' असा त्याचा बायोडाटा आहे. गेल्या डिसेंबरात माझी परीक्षा संपल्यावर मामाने ठरवलं की आजीला समुद्र दाखवायचा. आजी म्हणजे माझ्या आईची आई, वय सत्त्याहत्तर. आयुष्यात तिने समुद्र पाहिला नव्हता. गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत आणि दोन तासांवर एका जागी बसवत नाही. त्यात चिकूचं काय करायचं हा प्रश्न. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीची अख्खी केबिन किंवा कूपे बुक करा, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाका. मामाने दोन-तीन लॉजना फोन केले तर "कुत्रा चालणार नाही" एवढंच उत्तर. शेवटी आई म्हणाली की चिकूला चार दिवस शेजारच्या काकूंकडे ठेवू.

तेव्हा आजी, जी एरवी कशालाच नाही म्हणत नाही, ताडकन म्हणाली, "त्याले सोडीसन जानं नही. बस!"

आम्हाला नवल वाटलं, कारण आमच्या लहानपणी घरात कुत्रा आणायला सगळ्यात मोठा विरोध आजीचाच होता. तिने तेव्हाही कारण सांगितलं नव्हतं आणि आताही सांगितलं नाही. पण तिच्या त्या "बस"मुळे मामाची जुनी व्हॅन आमचं घर बनली.

आता इंजिनिअरिंगचा भाग. (मेकॅनिकलवाल्यांनी हसू नये.) पहिला प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून आम्ही एकही भोक पाडलं नाही, एकही बोल्ट ठोकला नाही. मागची सीट पुढे दुमडली, तिच्यामागे प्लायवूडचे दोन खोके ठेवले, वर फळ्या आणि फळ्यांवर घरची गादी. खोक्यांत कपडे, भांडी आणि चिकूचं खाणं. सगळं दहा मिनिटांत बाहेर निघतं. गाडी चालताना आजी पुढे मामाशेजारी, मी मागे खोक्यांना टेकून नाही, तर उरलेल्या अर्ध्या सीटवर पट्टा लावून, आणि चिकू माझ्याजवळ त्याच्या पिंजऱ्यात. रात्री आजी, मी आणि चिकू आत, मामा बाहेर फोल्डिंग खाटेवर मच्छरदाणीत.

दुसरा प्रश्न विजेचा. घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी होती, १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. कागदावर १२०० वॅट-अवर. पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात ६०० च. एक २० वॅटचा डीसी पंखा रात्रीचे आठ तास, म्हणजे १६०. पाच-पाच वॅटचे दोन एलईडी चार तास, म्हणजे ४०. मोबाईल वगैरे मिळून ५०. बेरीज २५०. म्हणजे ऊन पडलं नाही तरी दोन रात्री निघतात. शिवाय १०० वॅटचं एक सोलर पॅनल घेतलं, गाडी थांबली की उन्हात जमिनीवर पसरायचं. चार्ज होताना ही बॅटरी हायड्रोजन सोडते, म्हणून चार्जिंगच्या वेळी ती गाडीबाहेर. तीसेक किलोचं ते धूड रोज उतरवणं हाच माझा व्यायाम. स्वयंपाक मात्र कायम उघड्यावर; बंद गाडीत शेगडी पेटवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साईडला आमंत्रण.

आणि तिसरा प्रश्न चिकूचा. याबद्दल जरा गंभीरपणे लिहिते. बंद गाडी उन्हात उभी केली की पहिल्या अर्ध्या तासातच आतलं तापमान भराभर चढतं, आणि काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो. म्हणून नियम एकच होता. चिकू गाडीत कधीही एकटा राहणार नाही. तिघांपैकी दोघं उतरले तर तिसरा त्याच्यापाशी. त्याचं रेबीजच्या लसीचं कार्ड गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवलं होतं.

निघालो. नंदुरबारहून मुंबई चारशे किलोमीटरच्या वर, पण सुरत दीडशेच्या आसपास. त्यामुळे आमचा जवळचा समुद्र गुजरातचा. नवापूरला मामाने मुद्दाम रेल्वे स्टेशन दाखवलं. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. फलाटावरच्या एका बाकाचीसुद्धा वाटणी झाली आहे. आजी त्याच्या बरोबर मध्यावर बसली आणि म्हणाली, गुडघा महाराष्ट्राचा दुखतोय. मग सोनगडहून उकाईला वळलो.

इथे थोडं मागे जावं लागेल. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. आमच्याकडे ती प्रकाशाला गोमाईला भेटते. पुढे गुजरातमध्ये तिच्यावर उकाईचं धरण आहे, १९७२ मध्ये पूर्ण झालेलं. पुस्तकात आपण वाचतो की तिथे ७५ मेगावॅटचे चार जनित्र संच आहेत, एकूण ३०० मेगावॅट. पुस्तकात हे नसतं की त्या जलाशयाचं पाणी मागे पसरत आमच्या जिल्ह्यापर्यंत आलं आणि त्यात गावं गेली. आजीचं सासरचं गाव त्यातलं एक. लग्नाला तिला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ते आता कुठल्या पाटीवर नाही. आजी फक्त "आपलं गाव" म्हणते आणि घरात सगळ्यांना कळतं.

धरण दिसतं तिथे रस्त्याच्या कडेला आम्ही थांबलो. मला वाटलं होतं आजी रडेल. तिने फक्त डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि विचारलं, "हे पानी पुढे कथा जास?" कुठे जातं? मी इलेक्ट्रिकलची विद्यार्थिनी, मला लगेच सांगायची घाई. टर्बाईनमधून जातं, मग खाली काकरापारच्या बंधाऱ्याला, तिथून कालव्यांनी शेतांना, सुरतेच्या नळांना, आणि उरलेलं समुद्राला. काकरापारजवळ अणुवीज केंद्र आहे आणि तिथलं ७०० मेगावॅटचं देशी बनावटीचं तिसरं युनिट २०२३ पासून व्यावसायिक वीज देतंय, हेही सांगून टाकलं. आजीने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. "मंग समुद्र देखू."

पहिली रात्र बारडोलीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर काढली, मालकाला विचारून. (गाडीत राहणाऱ्याने पहिली गोष्ट शिकावी ती ही: अंधार पडायच्या आत जागा ठरवायची आणि कोणाला तरी विचारूनच उभं राहायचं.) बारडोली म्हटलं की आपल्याला १९२८ चा सत्याग्रह आणि वल्लभभाईंची 'सरदार' ही पदवी आठवते. मला आता दुसरंही आठवतं. पंपापलीकडे रिकाम्या शेतात पंधरा-वीस झोपड्या होत्या, बांबूच्या कामट्यांवर प्लॅस्टिक टाकलेल्या. बाहेर चुली, कोंबड्या, पातेली आणि चार-पाच कुत्री. ऊसतोडीचा पडाव. चिकूने भुंकून ओळख काढली आणि त्याच्यामागे आजी गेली. पाच मिनिटांत तिला कळलं की ही सगळी आपल्याच जिल्ह्यातली, अक्कलकुव्याकडची माणसं. दिवाळी झाली की ट्रकमध्ये घर भरून निघायचं, नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणायचं, पावसाळ्याच्या तोंडावर परत. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आमच्या गाडीत डोकावली. पंखा पाहिला, गादी पाहिली आणि विचारलं, "तुम्ही कोणत्या कारखान्याला?"

तिच्या हिशोबात घर घेऊन फिरणारे लोक एकाच कारणासाठी फिरतात. मी म्हटलं, आम्ही समुद्र बघायला चाललोय. तिला ते पटलं नसावं. तिची शाळा गावाला राहिली होती.

त्या रात्री मी पंख्याखाली झोपले, पण माझ्या वॅट-अवरच्या हिशोबाचं मला कौतुक वाटेना. आजी मात्र अंधारात अचानक म्हणाली, "आपलं पानी हाऊ ऊसले जास ना?" आपलं पाणी या उसाला जातं ना? मी हो म्हटलं. उकाई-काकरापारच्या कालव्यांवरच दक्षिण गुजरातचा ऊस उभा आहे. म्हणजे ज्या पाण्यात आजीचं गाव गेलं, त्याच पाण्यावर पिकलेला ऊस तोडायला आमच्याच जिल्ह्यातली माणसं घर पाठीवर घेऊन येतात. हे वाक्य मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या, चौथी शिकलेल्या बाईने ते अर्ध्या तासात जुळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास डुमसला पोहोचलो. सुरतेजवळचा हा किनारा तापीच्या मुखापाशी, दक्षिण अंगाला आहे. पलीकडे हजिरा. वाळू काळी. आजीला हाताला धरून खाली नेलं आणि बघतो तर काय, समुद्र जागेवरच नाही! लांबवर नुसता चिखल. ओहोटी होती. मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढ्या लांब आलो आणि समुद्र घरी नाही!

पण हेच इथलं वैशिष्ट्य. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक भारतात सर्वात मोठा असतो, कारण आखात आत नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं आणि आलेलं पाणी वर चढण्याशिवाय दुसरीकडे जाऊ शकत नाही. डुमस त्याच्या तोंडाशी, पण इथेही पाणी चांगलंच लांब जातं. ओहोटीपासून भरतीला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आम्हाला थांबायचं होतं. आणि घर सोबत असण्याचा फायदा त्या दिवशी कळला. लॉजची वेळ नाही, गाडी पकडायची नाही. खिचडी टाकली, पॅनल पसरलं, आजी गादीवर आडवी झाली. काही जण गाड्या थेट वाळूत नेत होते. मामाने मात्र व्हॅन पक्क्या रस्त्यावरून हलवली नाही. ओल्या वाळूत चाक रुतलं आणि भरती आली की ती कोणाची वाट बघत नाही.

चारनंतर पाणी यायला लागलं. आवाज आधी आला, मग एक करडी रेघ, मग लाटा. चिकूने आयुष्यात पहिल्यांदा अशी गोष्ट पाहिली जी त्याच्यावर धावून येत होती आणि आपोआप मागेही जात होती. प्रत्येक लाट आपणच हाकलली असा त्याचा ठाम समज झाला. खारं पाणी पिऊ नये म्हणून मी त्याला सतत ओढत होते. कुत्र्यांना ते बाधतं. आजी लाटेत घोट्यापर्यंत उभी राहिली. खूप वेळ काही बोलली नाही. मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारं! आपलं पानी आठे येईसन खराब व्हयनं!"

मामा हसला. मीही हसले. पण आजी गंमत करत नव्हती. तिला खरंच राग आला होता. गाव घेतलं ते घेतलं, वर इथे आणून मिठात घातलं!

त्या रात्री गाडीत दिवा मालवल्यावर तिने स्वतःहून सांगितलं. गाव सोडलं तेव्हा लोकांनी दरवाजांच्या चौकटीसुद्धा काढून बैलगाड्यांत घातल्या होत्या. आजीच्या सासऱ्यांनी कौलं मोजून भरली. एक कुत्रा होता, त्याचं नाव मोत्या. तो गाडीमागे दोन-तीन कोस आला. मग रस्त्यात बसला आणि परत गावाकडे फिरला. त्याला गाडीत घ्यायला जागा नव्हती, आणि सून म्हणून "गाडी थांबवा" म्हणायची आजीची छाती नव्हती. आठ दिवसांनी आजोबा पाहायला गेले, तेव्हा घराच्या जागी नुसता ओटा होता आणि ओट्यावर मोत्या बसलेला. तो तेव्हाही आला नाही. पुढच्या पावसात पाणी चढलं.

एवढंच. आजीने सांगितलं आणि कूस बदलली. चिकू तिच्या पायाशी होता. त्याला तिने हाकललं नाही.

पुढचे तीन दिवस खरं तर मजेचे होते, ते पटकन सांगते. दांडीला गेलो, जिथे साबरमतीहून १२ मार्च १९३० ला निघालेल्या गांधीजींनी ६ एप्रिलला मीठ उचललं. तिथे २०१९ मध्ये राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक उभं राहिलंय. आमच्या नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ ला गेला, तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. दांडीच्या पुतळ्यांसमोर मला तो आठवला. तिथे चिमूटभर मीठ हातात घेऊन आजी म्हणाली, म्हणजे खारं पाणीही कामाचं असतं तर! समुद्रावरचा तिचा राग थोडा निवळला असावा. तिथलला काळ्या वाळूत सूर्यास्त पाहिला. उदवाड्याला पारशांचा पवित्र इराणशाह अग्नी आहे. आत फक्त पारशांनाच जाता येतं, म्हणून जुन्या लाकडी घरांच्या गल्लीतून फिरून आलो. हे लोकही एकदा घर सोडून समुद्रावरून याच किनाऱ्याला, संजाणला उतरले होते. मग झाईजवळ महाराष्ट्रात शिरलो, बोर्डीच्या सुरूच्या सावलीत शेवटची रात्र काढली, आणि घोलवडला चिकूला चिकूच्या बागेत उभं करून फोटो काढला. तो फोटो माझ्या कपाटावर लावलाय, बघायला या.

एकूण खर्च डिझेल आणि भाजीपाला, एवढाच. बिघाड एकच, एलईडीची एक वायर सुटली, ती मी जोडली. (प्रॅक्टिकलचे मार्क यासाठी कोणी देत नाही.) व्हॅन परत मामाच्या कामाला लागली. बॅटरी इन्व्हर्टरला गेली. प्लायवूडच्या खोक्यांत आजीने ज्वारी भरली.

मित्र-मैत्रिणींनो, समुद्र असलेल्या जिल्ह्यांशी माझं आता भांडण नाही. पण आपल्या होस्टेलमध्ये धरणाच्या वरची आणि धरणाच्या खालची, अशी दोन्हीकडची मुलं राहतात. आपण इथे पॉवर सिस्टिम शिकतो, इरिगेशन शिकतो, उद्या कोणी तरी आपल्यातलाच एखाद्या नकाशावर जलाशयाची निळी रेघ काढेल. त्या रेघेच्या आत कोण बसलंय, हे विचारायला सिलॅबसमध्ये जागा नाही. घरी गेलात की आपल्या आजी-आजोबांना विचारा. त्यांना सांगायचं असतं, फक्त त्यासाठी गाडी थांबावी लागते.

आजीला हल्ली शेजारणी विचारतात, समुद्र कसा होता? ती सांगते, "मोठा शे. पन आपली तापी गोड शे."